शुद्धीचे मोल : ग्रॅफाइटच्या शुद्धीकरणाची अडीच शतके

काही शब्द चूक पोटात घेऊनच भाषेत येतात, आणि ती चूक उघडकीस आल्यानंतरही आपली जागा सोडत नाहीत. 'शिसपेन्सिल' हा त्यांपैकी एक. लाकडी आवरणाच्या या पेन्सिलीत शिसे नसते, आणि कधी नव्हतेही. तिच्या पोटात असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कोळसा आणि हिरा यांच्याच कुळातले कार्बनाचे एक रूप. सोळाव्या शतकातील इंग्लंडात हे खनिज हाती लागले तेव्हा त्याचा काळा रंग, मऊपणा आणि उमटण्याचा गुण पाहून लोकांनी त्याला शिशाचाच एक प्रकार मानले आणि 'काळे शिसे' म्हटले. पुढे दोन शतकांनी रसायनशास्त्राने ही समजूत खोडून काढली. तरीही इंग्रजीतून मराठीत येताना शब्द आला तो जुन्या चुकीसकट, आणि आपल्या शाळांतून रुजला.

आज ग्रॅफाइटची चर्चा होते ती मात्र पेन्सिलीमुळे नव्हे, बॅटरीमुळे. भ्रमणध्वनीपासून विजेच्या मोटारीपर्यंत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीचा ऋण ध्रुव मुख्यतः ग्रॅफाइटचा असतो. नावात लिथियम मिरवत असले तरी वजनाने पाहता बॅटरीत लिथियमपेक्षा ग्रॅफाइट कितीतरी अधिक असते. एका विजेच्या मोटारीत ते सुमारे ५० ते १०० किलो भरते. धूर न सोडणारी गाडी म्हणून जिचा गौरव होतो, तिच्या पोटातले हे ग्रॅफाइट साधे चालत नाही. ते बावनकशी लागते, शेकडा ९९.९५ इतके शुद्ध. ही शुद्धता कशी साधली जाते, ती साधताना निघालेला मळ जातो कोठे, आणि तो कोणाच्या वाट्याला येतो, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ग्रॅफाइटच्या इतिहासात मळ कधीच नाहीसा झालेला नाही, त्याने केवळ जागा बदलली आहे. आणि शुद्धतेची अट घालणारे लोक व तो मळ सोसणारे लोक हे बहुतेक वेळा निरनिराळे राहिले आहेत.

या कथेच्या आरंभी मात्र शुद्धीकरणाचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडच्या वायव्येकडील कंबरलँड परगण्यात बॉरोडेल नावाचे खोरे आहे. तेथे सापडलेले ग्रॅफाइट निसर्गानेच इतके निवळ करून ठेवले होते की करवतीने कापावे, लाकडात बसवावे आणि लिहावे. स्थानिक लोक त्याला 'वॉड' म्हणत आणि मेंढ्यांवर खुणा करण्यासाठी वापरत. तोफगोळे ओतण्याच्या साच्यांना आतून ग्रॅफाइटचा लेप दिला की गोळा गुळगुळीत निघतो, हे ध्यानात आल्यावर त्याची किंमत वाढली. खाण वर्षातून थोडेच दिवस उघडावी आणि एरवी बंद ठेवावी, अशी व्यवस्था झाली. १७५२ साली ब्रिटिश संसदेने या खाणीतील चोरीसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात सक्तमजुरी आणि हद्दपारी यांसारख्या शिक्षा होत्या. निसर्गशुद्ध माल दुर्मीळ होता, आणि दुर्मीळ होता म्हणूनच त्याच्याभोवती पहारा होता. शुद्धतेचे मोल या टप्प्यावर दंडविधानाच्या रूपाने भरले जात होते.

बॉरोडेलचे खनिज म्हणजे नेमके काय, याचा उलगडा केला तो स्वीडनमधील एका औषधविक्रेत्याने. कार्ल विल्हेल्म शेले याने १७७९ साली ग्रॅफाइटवर प्रयोग करून दाखवले की ते जळले असता कोळशाप्रमाणेच 'स्थिर वायू', म्हणजे आज ज्याला आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो तो, निर्माण होतो. शिशाशी त्याचा काही संबंध नाही. दहा वर्षांनी, १७८९ साली, जर्मन खनिजशास्त्रज्ञ अब्राहम वेर्नर याने 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून 'ग्रॅफाइट' हे नाव दिले. इतके बहुतेक पुस्तकांत सापडते. त्यापुढे सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की याच शेलेने १७७१ साली फ्लुओरस्पार या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करून एक नवे आम्ल मिळवले होते, आणि ते आपल्या काचेच्या पात्रालाच खाऊन टाकते असे त्याला आढळले होते. काच आणि वाळू यांचा मुख्य घटक एकच, सिलिका. जे आम्ल काच खाते, ते वाळूही खाते. हेच आजचे हायड्रोफ्लुओरिक आम्ल. १७७४ साली त्याने क्लोरीन वायूही मिळवला. ग्रॅफाइटची खरी ओळख आणि पुढे त्याच्या शुद्धीकरणासाठी वापरली गेलेली दोन जहाल द्रव्ये, ही तिन्ही एकाच माणसाच्या प्रयोगशाळेतून अवघ्या आठ वर्षांत बाहेर पडली. शेलेला आपली रसायने हुंगून आणि चाखून पाहण्याची सवय होती. १७८६ साली तो वारला तेव्हा अवघा त्रेचाळीस वर्षांचा होता.

ही द्रव्ये ग्रॅफाइटच्या कामी लगेच आली नाहीत. आधी आली ती अशुद्धतेशी केलेली तडजोड. १७९३ साली फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले आणि फ्रान्सला बॉरोडेलचा माल मिळेनासा झाला. तेव्हा निकोला-जाक काँते याने हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची भुकटी मातीत कालवून, कांड्या भट्टीत भाजून काढल्या आणि १७९५ साली त्या कृतीचे एकस्व मिळवले. मातीचे प्रमाण वाढवले की कांडी कठीण होते, कमी केले की मऊ आणि गडद. आपल्या पेन्सिली आजही याच कृतीने होतात. अशुद्धता म्हणजे केवळ दोष नव्हे. योग्य कामासाठी मोजून घातली तर तीच गुण ठरते, हे काँतेने सिद्ध केले. शुद्धतेची मागणी वस्तूच्या स्वभावातून येत नाही, उपयोगातून येते, हा या इतिहासातला पहिला धडा. तो पुढे अनेकदा विसरला गेला.

आम्लाने ग्रॅफाइट धुण्याची कृती आली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. ऑक्सफर्डचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेंजामिन ब्रॉडी यांनी भरडलेले ग्रॅफाइट तीव्र गंधकाम्ल आणि पोटॅशियम क्लोरेट यांच्यासह तापवण्याची पद्धत मांडली. धुऊन वाळवलेला हा माल पुन्हा लाल होईस्तोवर तापवला की त्याचे पापुद्रे फुगून सुटे होतात. मग पाण्यात ढवळले असता हलकी भुकटी वेगळी होते आणि माती तळाशी बसते. ग्रॅफाइटमध्ये वाळूचा अंश अधिक असेल तर आम्लाच्या मिश्रणात थोडे सोडियम फ्लुओराइड घालावे, अशीही त्या कृतीत सूचना होती. आम्लात फ्लुओराइड पडले की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते. शेलेचे काच खाणारे द्रव्य अशा रीतीने ग्रॅफाइटच्या भांड्यात प्रथम उतरले. याच प्रयोगांच्या ओघात १८५९ साली ब्रॉडी यांनी ग्रॅफाइटचे ऑक्साइड मिळवले आणि रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव त्यासाठीच घेतले जाते. वापरून झालेले आम्ल कोठे ओतले गेले, हा प्रश्न त्या काळच्या शास्त्रीय लेखनाच्या कक्षेत बसतच नव्हता.

तसा तो प्रश्न समाजाला अगदीच अपरिचित होता असे नाही. त्याच काळात इंग्लंडमधील धुण्याच्या सोड्याच्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू मोकळा सोडला जाई आणि आसपासची झाडे व पिके करपत. जमीनदारांच्या तक्रारींनंतर १८६३ साली संसदेने 'अल्कली कायदा' केला. या वायूपैकी शेकडा ९५ भाग पाण्यात शोषून घेण्याचे बंधन कारखानदारांवर आले. त्यांनी ते पाळलेही. पण वायू शोषलेले आम्लयुक्त पाणी अनेक ठिकाणी ओढ्यानाल्यांत सोडले गेले. हवा निवळली आणि पाणी नासले. हा प्रसंग ग्रॅफाइटचा नसला तरी आमच्या विषयाची गुरुकिल्ली त्यात आहे, म्हणून तो येथे सांगितला. रासायनिक शुद्धीकरणात मळ एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जातो. कायद्याची नजर ज्या माध्यमावर नसते, तेथे तो साचतो.

आम्लाविना ग्रॅफाइट वेगळे करण्याचा एक सुबुद्ध मार्गही याच शतकात निघाला. ग्रॅफाइटला पाण्याचे वावडे आणि तेलाची ओढ असते. दगडाची भुकटी पाण्यात ढवळून किंचित तेल घातले आणि बुडबुडे निर्माण केले, तर ग्रॅफाइटचे पापुद्रे बुडबुड्यांना चिकटून वर येतात व माती खाली राहते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील बेसेल बंधूंनी १८७७ साली या कृतीचे एकस्व घेऊन कारखाना काढला. पुढे तांबे, शिसे, जस्त यांच्या खाणींतून जगभर पसरलेल्या प्लवन पद्धतीचा व्यापारी आरंभ ग्रॅफाइटपासून झाला, हे खाणकामाच्या इतिहासातही फारसे कोणाच्या ध्यानात नसते. प्लवनाने आज साधारण शेकडा ९० ते ९५ किंवा थोडे अधिक शुद्ध ग्रॅफाइट मिळते. पण पापुद्र्यांच्या घड्यांत अडकलेली वाळू आणि अभ्रक बुडबुड्यांना दाद देत नाहीत. तेथून पुढचा प्रवास आम्ल, अल्क किंवा अग्नी यांच्याच बळावर करावा लागतो.

युरोपातील या कृतींच्या जोडीनेच आपल्या शेजारी श्रीलंकेत शुद्धीकरणाची निराळीच तऱ्हा चालू होती. तेथील ग्रॅफाइट खडकाच्या फटींत शिरांच्या रूपाने सापडते आणि मुळातच शेकडा ९० च्या वर कार्बन असणारे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादाच्या व धातू वितळवण्याच्या मुशींसाठी या मालाला युरोप-अमेरिकेत मोठी मागणी आली. कोलंबोच्या वखारींत मजूर स्त्रिया लहान कुऱ्हाडींनी ढेकळे ठोकून दगड वेगळा करीत, चाळून, घासून, पुसून प्रतवारी लावीत. तेथे आम्ल नव्हते, पण धूळ होती. ग्रॅफाइटची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसे निबर होतात, हे विसाव्या शतकातील वैद्यकाने नोंदवले. मुशीत ओतले गेलेले पोलाद निर्मळ होते. धूळ वखारीतल्या श्वासांत राहिली.

अग्नीचा मार्ग सापडला तो अपघाताने. अमेरिकेतील एडवर्ड अ‍ॅचेसन हा विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार करीत असे. भट्टी अतोनात तापली तेव्हा कार्बोरंडममधील सिलिकॉन वाफ होऊन उडून गेले आणि मागे ग्रॅफाइट उरले. १८९६ साली त्याने या पद्धतीचे एकस्व घेतले आणि नायगारा धबधब्याच्या विजेवर कृत्रिम ग्रॅफाइट बनवण्यास आरंभ केला. याच तत्त्वावर नैसर्गिक ग्रॅफाइटही २५०० ते ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून शुद्ध करता येते, कारण त्या उष्णतेत कार्बन टिकतो आणि इतर बहुतेक द्रव्ये वाफ होऊन जातात. आम्लाचा थेंबही लागत नाही. वीज मात्र प्रचंड लागते. ती वीज धबधब्याची की दगडी कोळशाची, यावर या शुद्धीचे सोवळेपण अवलंबून असते. आज चीनमध्ये असे अनेक कारखाने कोळशाच्या विजेवर चालतात. म्हणजे ग्रॅफाइटमधला मळ काढण्यासाठी दूर कोठेतरी ग्रॅफाइटचाच भाऊबंद जाळला जातो.

शुद्धतेची कसोटी एकदम हजारपटींनी कडक झाली ती दुसऱ्या महायुद्धात. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे पहिली स्वयंचलित अणुसाखळी घडवून आणली गेली, ती ग्रॅफाइटच्या सुमारे ४५,००० ठोकळ्यांच्या ढिगात. न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्याचे काम ग्रॅफाइट करीत होते. पण त्यात बोरॉनचा दशलक्षांश भागांत मोजावा असा अंश असला तरी तो न्यूट्रॉन गिळून टाकतो. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांना हे माहीत होते आणि त्यांनी बोरॉनरहित ग्रॅफाइटचा आग्रह धरला. जर्मनीत वाल्टर बोथे यांनी १९४१ साली केलेल्या मोजमापात ग्रॅफाइट या कामी निरुपयोगी ठरले होते. नमुन्यातील अशुद्धी हे त्यामागचे एक कारण पुढे सांगितले गेले. तोपर्यंत अशुद्धी म्हणजे वाळू आणि माती होती. आता ती डोळ्यांना आणि तराजूलाही न दिसणारी झाली. युद्धानंतर अणुभट्ट्यांच्या ग्रॅफाइटसाठी ते अतितप्त अवस्थेत असताना त्यातून क्लोरीनसारखे वायू सोडून बोरॉन हुसकून लावण्याच्या पद्धती रूढ झाल्या. शेलेचे दुसरे द्रव्य असे कामास आले.

यानंतरचा टप्पा आपल्या डोळ्यांदेखतचा. १९८० च्या सुमारास रशीद याझामी यांनी ग्रॅफाइटच्या थरांमध्ये लिथियम ये-जा करू शकते हे दाखवले. १९९१ साली लिथियम बॅटरी बाजारात आली आणि त्या दशकात तिचा ऋण ध्रुव हळूहळू ग्रॅफाइटचा झाला. बॅटरीत लोहासारख्या धातूंचे कण राहिले तर ते विरघळतात, दुसरीकडे जाऊन साचतात, बॅटरी आपोआप उतरते किंवा आतल्या आत शॉर्ट होते. म्हणून शेकडा ९९.९५ ची अट आली. त्यासाठी पापुद्रे आधी यंत्रात घोटून बटाट्यासारखे गोल केले जातात. या कामी मालाचा जवळपास निम्मा किंवा त्याहून अधिक भाग बारीक चुऱ्याच्या रूपाने बाजूला पडतो. उरलेले गोळे मग रासायनिक स्नानाला जातात.

या स्नानाच्या प्रमुख तऱ्हा तीन. पहिली दाहक सोड्याची. ग्रॅफाइट आणि सोडा एकत्र भाजले की वाळूचे रूपांतर पाण्यात विरघळणाऱ्या सोडियम सिलिकेटात होते. ते धुऊन काढायचे आणि उरलेले लोहादी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचे. येथे पाणी अमाप लागते. अल्क आणि आम्ल एकमेकांत मिसळून शमवले तरी मीठ उरते, आणि खारट सांडपाणी शेतजमिनीला मानवत नाही. दुसरी तऱ्हा क्लोरीनची. तापलेल्या ग्रॅफाइटमधून वायू सोडला की अशुद्धींची क्लोराइडे होऊन उडून जातात. पण वायू विषारी, यंत्रांना खाणारा. एक झडप नादुरुस्त झाली तरी कामगाराच्या जिवावर बेतणारा. तिसरी तऱ्हा हायड्रोफ्लुओरिक आम्लाची. मोठी भट्टी लागत नाही, ऊर्जा थोडी लागते, वाळू नेमकी विरघळते आणि शुद्धता हवी तितकी मिळते. ती स्वस्त आहे, म्हणून दीर्घकाळ तिचाच बोलबाला राहिला.

पण स्वस्ताई कोणाच्या हिशेबात मोजली, ते पाहिले पाहिजे. हे आम्ल कातडीवर पडले तर सौम्य असल्यास आरंभी वेदनाही होत नाहीत. ते आत शिरून रक्तातील व हाडांतील कॅल्शियम पकडते आणि थोड्याशा भाजण्यानेही हृदय बंद पडू शकते. म्हणून अशा कारखान्यांत कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी ठेवावे लागते. २०१२ च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियातील गुमी शहरातल्या एका रासायनिक कारखान्यात हे द्रव्य टाकीतून निसटले. तो कारखाना ग्रॅफाइटचा नव्हता, पण द्रव्य हेच होते. पाच माणसे दगावली, हजारोंना उपचार घ्यावे लागले, आसपासची पिके आणि गुरे बाधित झाली.

अपघात टळला तरी सांडपाणी टळत नाही. वाळू विरघळून झालेले फ्लुओसिलिसिक आम्ल आणि उरलेले फ्लुओराइड शमवण्यासाठी त्यात चुना घालतात. कॅल्शियम फ्लुओराइडचा गाळ तळाशी बसतो. येथे रसायनशास्त्राचीच एक मर्यादा आडवी येते. कॅल्शियम फ्लुओराइड पाण्यात अल्पसे का होईना विरघळते, आणि त्यामुळे केवळ चुन्याच्या बळावर फ्लुओराइडचे प्रमाण लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅमच्या खाली नेणे अवघड असते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. भारतात नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी ती २ मिलिग्रॅम आहे. म्हणजे चुन्यानंतर आणखी एक-दोन प्रक्रिया कराव्या लागतात, आणि प्रत्येक प्रक्रियेला पैसा लागतो. जेथे तपासणी ढिली, तेथे तो पैसा वाचवला जातो. गाळाचे डोंगरही कोठेतरी ठेवावेच लागतात. सोनाराच्या दुकानातील केर धुवायला झारेकरी येतो, कारण त्या केरात सोन्याचा कण असतो. ग्रॅफाइटच्या केराला झारेकरी नाही.

फ्लुओराइड म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगण्याची फारशी गरज नसावी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कितीतरी गावांत दात पिवळे-तपकिरी पडलेली मुले आणि सांधे आखडलेली वडीलधारी माणसे आढळतात. तेथील फ्लुओराइड कोणत्या कारखान्याचे नाही, भूगर्भातून विंधनविहिरींत येणारे आहे. भारतात या रोगाची पहिली नोंद १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. त्याचे वैशिष्ट्य असे की तो हळूहळू येतो, आला की हाडांतून जात नाही, आणि विहिरीचे पाणी चवीला काही सांगत नाही.

चीनमध्ये ग्रॅफाइटच्या उद्योगाने काय झाले, याचे वृत्तान्त आता उपलब्ध आहेत. उत्तरेकडील हेइलोंगजिआंग आणि किनाऱ्यावरील शानडोंग हे तेथील ग्रॅफाइटचे मोठे प्रांत. २०१३-१४ च्या सुमारास शानडोंगमधील पिंगडू भागातले अनेक कारखाने प्रदूषणामुळे शासनाने बंद करवले. २०१६ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'ने या दोन प्रांतांतील गावांतून केलेले वृत्तलेखन प्रसिद्ध झाले. हवेत चमचमणारी काळी धूळ, घरात, अंथरुणावर आणि अन्नावर बसणारी, पिकांवर काजळी, पिण्यास नालायक झालेले पाणी. ज्या गावांत हे घडले तेथील लोक ज्या वस्तूंसाठी हे ग्रॅफाइट जात होते त्या वस्तूंचे प्रमुख ग्राहक नव्हते. ग्राहक दूरच्या शहरांत होते, त्यांत आपणही होतो. बॅटरीयोग्य ग्रॅफाइटच्या प्रक्रियेचा शेकडा नव्वदहून अधिक वाटा एकट्या चीनच्या हाती आला तो केवळ खनिजाच्या साठ्यामुळे नव्हे. शुद्धीकरणाचा मळ आपल्या अंगणात नको, असे बाकीच्या जगाने मुकाट्याने ठरवले, हेही त्याचे कारण आहे.

आपल्या समाजाला ही रचना ओळखीची वाटावी. सोवळे पाळणाऱ्या घराचे पावित्र्य ज्यांच्या श्रमाने टिकत असे, त्यांनाच त्या घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवण्याची रीत आपल्याकडे शतकानुशतके चालली. स्वच्छता आणि अस्वच्छता यांची अशी वाटणी एकदा मनात मुरली की वस्तूंच्या बाबतीतही ती जाणवेनाशी होते. गाडीच्या मागच्या नळीतून धूर निघत नाही एवढ्यावरून आपण तिला स्वच्छ म्हणतो. विजेच्या गाड्यांना आमचा विरोध नाही. पेट्रोल-डिझेलने हवेची आणि ऋतुमानाची जी गत केली, तिच्यापुढे ग्रॅफाइटचा दोष लहान आहे, आणि तो निवारता येण्याजोगा आहे. परंतु निवारता येतो म्हणूनच त्याकडे डोळेझाक करणे अधिक अक्षम्य ठरते.

हा प्रश्न आता भारताच्या दारातही आला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनने बॅटरीयोग्य ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन जाहीर केले आणि ते डिसेंबरपासून लागू झाले. त्याच वर्षी भारत सरकारने ३० महत्त्वाच्या खनिजांची जी यादी काढली, तीत ग्रॅफाइट होते. जानेवारी २०२५ मध्ये अशा खनिजांसाठी राष्ट्रीय मोहिमेला मंजुरी मिळाली. युरोप-अमेरिकेतील नवे उद्योजक हायड्रोफ्लुओरिक आम्लाशिवाय शुद्धीकरण करण्याची ग्वाही देत आहेत. सोडा, उष्णता आणि सौम्य आम्ले यांच्या निरनिराळ्या जोडण्या त्यासाठी केल्या जात आहेत, आणि वापरलेल्या बॅटरीतून ग्रॅफाइट परत मिळवण्याचेही प्रयत्न चालू आहेत. म्हणजे पर्याय आहेत. ते महाग आहेत, कारण त्यांत मळाची किंमत आधीच धरलेली आहे.

आपल्याकडे ग्रॅफाइट आहे ते ओडिशाच्या पश्चिमेस, झारखंडच्या पलामूत, तमिळनाडूतील शिवगंगेत आणि अरुणाचलात. यांपैकी ओडिशातील नुआपाडा आणि झारखंडमधील पलामू या जिल्ह्यांत भूजलातील फ्लुओराइडने वाकलेली माणसे आजच आहेत. जेथे पाणी आधीच हाडे झिजवते आहे, तेथे किंवा तेथल्यासारख्या दुसऱ्या जागी शुद्धीकरणाचे कारखाने निघतील तेव्हा कोणती पद्धत वापरणार, सांडपाण्यातले फ्लुओराइड कोण मोजणार, ते आकडे गावच्या ग्रामसभेला मिळणार की नाही, आणि गाळ कोणाच्या जमिनीत पुरणार, हे प्रश्न परवाना देण्याआधी विचारले गेले पाहिजेत. कारखाना उभा राहिल्यावर त्यांची उत्तरे गाळातच सापडतात.

असो. १७५२ साली ब्रिटिश संसदेला मूठभर ग्रॅफाइटच्या चोरीसाठी स्वतंत्र कायदा करावासा वाटला. एखाद्या गावाचे पाणी चोरीला जाणे हा त्याहून मोठा गुन्हा आहे, असे मानणारा कायदा आपल्याकडे कागदावर आहे. ग्रॅफाइटच्या शुद्धतेचा दाखला देताना दशांश चिन्हापुढचे आकडे ज्या काटेकोरपणे तपासले जातात, त्याच काटेकोरपणे कारखान्याच्या खालच्या अंगाच्या विहिरीचे पाणी तपासले जाईल, तेव्हाच त्या कायद्याला अर्थ येईल.